गोल्डनच्या बायकोचे शेअर

गोल्डन ओल्ड्रॉइड एप्रिलात गेला आणि तेव्हापासून त्याच्या बायकोला, लारूला, काही वाटेनासंच झालं. दुःख झालं नाही असं नाही, पण तेही भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात दुसऱ्या कुणाला तरी झाल्यासारखं. ती सकाळी उठायची, शाळाखात्याच्या ऑफिसात जाऊन साहेबांची पत्रं टाइप करायची आणि घरी यायची. वॉर्डातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या, बायकांनी चीज घातलेले बटाटे आणि गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली इतकी आणून दिली की फ्रीज उघडला की ती अंगावर यायची. लारूने ती सगळी खाल्ली. चव कशाचीच लागली नाही, पण अन्न टाकून देणं तिला जमलं नसतं.

युटामधल्या त्या खोऱ्यात वर टिंपॅनोगॉस डोंगर, खाली गल्लोगल्ली चर्च आणि मधोमध कंपनी. कंपनीला चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. कंपनी म्हटलं की तीच. ती एकच वस्तू विकायची, हाइव नावाची सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडायचे आणि त्या सर्व्हरवर हाइव घालायची, की फायली जागच्या जागी राहतात, प्रिंटर ज्याला हवा त्याला मिळतो आणि कुणाची कागदपत्रं कुणाला दिसत नाहीत. मग कॅलिफोर्नियातल्या एका बड्या कंपनीने आपली सर्व्हर-सिस्टिम बाजारात आणली. ती उठता बसता मान टाकायची. खोऱ्यातले लोक तिला पोट धरधरून हसले. हे झालं सहा-सात वर्षांपूर्वी. आता शहाण्णव साल संपत आलं होतं आणि हसायचं बऱ्यापैकी कमी झालं होतं.

हाइवचा मोठा भाग गोल्डनने लिहिला होता. पगाराच्या जोडीला कंपनी शेअर द्यायची, ते त्याने सगळेच्या सगळे ठेवले. आयुष्याचा विमा काढला नाही. ‘शेअर आहेत ना,’ म्हणायचा. त्या खोऱ्यात प्रत्येक घराच्या तळघरात वर्षभराचा गहू डब्यांत भरून ठेवलेला असतो, चर्चची शिकवणच तशी आहे. गोल्डन म्हणायचा, ‘हे शेअर म्हणजे आपला गहू. गव्हाला कुणी उगाच हात लावतं का?’ लावावा लागतो, हे लारूला माहीत होतं. जुना डबा काढून दळायचा आणि त्या जागी नवा भरायचा, नाहीतर काही वर्षांनी झाकण उघडलं की आत नुसते सोंडे. पण गहू तिच्याकडे होता आणि शेअर त्याच्याकडे, म्हणून ती कधी बोलली नाही.

आता ते शेअर टिकले तर घर टिकणार होतं. नाहीतर गोल्डनच्या आजारपणाची बिलं भागवायला घर विकायचं आणि ॲरिझोनात मुलीच्या तळघरात जाऊन राहायचं. मुलगी गुणी होती, जावईही सालस. पण तळघर ते तळघर. लारूला या जगात हवंसं एवढंच उरलं होतं की आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून आपली भांडी घासावी. ते का हवं, हे तिला सांगता आलं नसतं.

वॉर्डाचे बिशप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतो, आपल्यातलाच एक जण ते काम बघतो, आणि खोऱ्यात आपल्यातला एक म्हणजे बहुधा कंपनीतला. मे महिन्यात भर सभेत, चर्चच्या रीतीप्रमाणे तिला सिस्टर म्हणत, ते म्हणाले होते, “सिस्टर ओल्ड्रॉइडकडे बघा. एवढा घाव बसला, एवढी बिलं आली, पण त्यांनी एक शेअर विकला नाही. श्रद्धा म्हणतात ती ही.” सगळ्या बाकांवरच्या माना वळल्या. लारूला लाजही वाटली नाही नि अभिमानही वाटला नाही. बसून बसून पाठ अवघडली आहे, एवढं कळलं.

वॉर्डातले दोन पुरुष दर महिन्याला ठरलेल्या घरी चौकशीला जातात. लारूच्या घरी यायचे ते डेवॉन जेसप आणि ब्रदर स्टब्ज. डेवॉन हा गोल्डनचा जिवलग मित्र, कंपनीतलाच. गिऱ्हाइकांकडे जाऊन हाइव बसवून देणं आणि अडलं तर सोडवणं हे त्याचं काम. त्याला सहा मुलं. व्हर्ल स्टब्ज सत्तरीचे विधुर. त्यांनी आयुष्यभर टर्की पाळल्या आणि या उन्हाळ्यात शेड विकून आलेला सगळा पैसा कंपनीत घातला होता.

ऑक्टोबरात दोघे आले तेव्हा लारूने सरळ विचारलं, “डेवॉन, मी विकू का रे?”

डेवॉनने वर पाहिलं. “का गं? कुणी काही बोललं?”

“बोललं कोणी नाही. भाव घसरतोय म्हणतात.”

“भाव काय, खालीवर व्हायचाच. जानेवारीत नवी हाइव येतेय.” त्याने कोकोच्या कपात चमचा फिरवला. “आणि लारू, ते गोल्डनचं काम आहे. असलं काम एका दिवसात मरत नाही.”

“मला त्यातलं काही कळत नाही,” ब्रदर स्टब्ज म्हणाले. “टर्कीचं सोपं होतं. आजारी पडली की आधी मान टाकायची, मग माझ्याकडे असं बघायची की जणू चूक माझीच.”

“तुमचीच असेल,” लारू म्हणाली.

“माझीच असायची. बायको रोज सांगायची.” ते हसले. डेवॉनही हसला. जाताना दोघांनी नेहमीप्रमाणे विचारलं, काही मदत हवी का. लारू नेहमीप्रमाणे नको म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, हॅलोवीन होता. शाळाखात्यात त्या दिवशी सगळे सोंगं घेऊन येतात. हिशेबनीस चेटकीण झाल्या होत्या, साहेब बुजगावणं. कॉम्प्युटर खात्याचा प्रमुख कर्टिस, चाळिशीचा जाडजूड गृहस्थ, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून समुद्री चाचा होऊन आला होता. दुपारी तो लारूच्या टेबलाशी आला.

“सिस्टर ओल्ड्रॉइड, जरा येता का? तुमची ती हाइव बंद करायचीय, आणि आमच्यात कुणालाच ती बंद कशी करतात ते येत नाही.”

“बंद कशाला?”

“सगळं नव्या सर्व्हरवर गेलं. मागच्याच आठवड्यात संपलं हलवून.”

हाइवचा सर्व्हर तळमजल्यावर झाडूपोछ्याच्या कपाटात होता. गोल्डनने स्वतः येऊन बसवला होता, आणि मग त्याच्याकडे बघायची कुणाला वेळच आली नाही. कर्टिसने बादली बाजूला सरकवली. “तक्रार करायला जागा नाही हो हिच्याबद्दल. फायली सांभाळते, झकास सांभाळते. पण दुसरं काही चालतच नाही ना हिच्यावर. पगाराचा प्रोग्राम नव्यावरच चालतो, लायब्ररीचा नव्यावरच. मग दोन-दोन कशाला पाळायच्या?”

“नवा अडकतो म्हणे सारखा.”

“अडकतो की. म्हणून तर मी आहे.”

तो हे गमतीने म्हणाला, पण ते अक्षरशः खरं होतं. नवी सिस्टिम अडकायची म्हणून आधी कर्टिसला नेमलं. मग त्याला दोन माणसं दिली, माणसांना खोली दिली, खोलीला एसी दिला. आता साहेबांच्या बैठकीत कर्टिसची खुर्ची असते आणि पुढच्या वर्षी काय विकत घ्यायचं ते तो सांगतो. हाइवच्या बाजूने बैठकीत बोलणार कोण, कपाटातला झाडू? गोल्डनने उमेदीची सगळी वर्षं घालून अशी वस्तू केली होती की जिच्यासाठी कुणाला उठून यावं लागू नये. झालं तसंच, कुणीच आलं नाही. लारूला हे सगळं तिथे बादलीशेजारी उभं राहून लख्ख कळलं. कळूनही आत काही हललं नाही.

“बाकीच्या गावांच्या शाळा?” तिने विचारलं.

“आपण शेवटचे. सगळे गेले. काउंटीची सरकारी ऑफिसं गेली, हॉस्पिटलं गेली. पुढच्या वर्षी सरकारी खरेदीत हाइव नाहीच.” कर्टिसने डोळ्यावरची पट्टी वर केली. “आणि खरं सांगू का, माझंही फार दिवस नाही. विद्यापीठातली पोरं आता इंटरनेटवरून ती फुकटवाली सिस्टिम उतरवून घेतात. फुकट, आणि चालते म्हणे. फुकटाशी कोण भांडणार?”

बंद करायचा शब्द लारूला ठाऊक होता, गोल्डनने तो घरी जेवताना कितीदा तरी सांगितला होता. तिने तो टाइप केला. पडद्यावर प्रश्न आला: एक जण अजून जोडलेला आहे, तरी बंद करायचं? हा प्रश्न गोल्डनने भांडून घालून घेतला होता. कंपनीतले म्हणत होते, कशाला हवा, वेळ जातो. गोल्डन म्हणायचा, आत माणूस असताना दाराला कुलूप घालायचं नसतं. आत्ता आत असलेला तो एक जण म्हणजे लारूच होती. तिचा कॉम्प्युटर अजून जुन्यालाच जोडलेला होता आणि साहेबांचं पत्र टाइप करता करता ती तशीच उठून आली होती. तिने ‘हो’ची कळ दाबली. मशीनचा पंखा हळूहळू थांबला.

“झालं?” कर्टिसने विचारलं.

“झालं.”

“तुम्हाला वाईट तर नाही ना वाटलं? ब्रदर ओल्ड्रॉइडांचं होतं म्हणून विचारलं.”

“नाही,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

पण संध्याकाळी सोंगं घेऊन खाऊ मागत दारात येणाऱ्या पोरांच्या पिशव्यांत गोळ्या टाकता टाकता तिने मनाशी ठरवून टाकलं की शेअर विकायचे. तिला बाजार कळत नव्हता, पण गिऱ्हाईक कळत होतं, कारण गिऱ्हाईक तीच होती. शेवटचं गिऱ्हाईक निघून जाताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सकाळी ब्रोकरला एक फोन केला असता तर काम झालं असतं.

तो तिने केला नाही. डेवॉनला न सांगता विकणं तिला चोरीसारखं वाटलं. ब्रोकरची बायको वॉर्डाच्या गायनवृंदात गाते. गोल्डनच्या बायकोने विकले हे दुपारपर्यंत सगळीकडे झालं असतं, भाव आणखी पडला असता, आणि डेवॉनची सहा मुलं, त्याचं म्हातारपण, सगळं त्याच शेअरवर होतं. आपण आधी पळायचं आणि मग शेजाऱ्याला आग लागली म्हणून सांगायचं, हे त्या खोऱ्यात कुणाला जमलं असेल, लारूला जमणार नव्हतं. तिने डेवॉनच्या घरी फोन लावला. तो कामासाठी शेजारच्या राज्यात, बॉइझीला गेला होता, शनिवारी रात्री उशिरा येणार होता.

“काही काम होतं का गं?” त्याच्या बायकोने, मार्व्हाने, विचारलं.

“रविवारी येते,” लारू म्हणाली.

शुक्रवारी तिने ब्रोकरचा नंबर टेबलावर काढून ठेवला आणि दिवसभर पत्रं टाइप केली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी वॉर्ड उपास करतो. सभेत त्या दिवशी ज्याला वाटेल तो उठून आपली श्रद्धा बोलून दाखवतो. या रविवारी फारसं कुणी उठलं नाही. बिशप कसोटीच्या काळाबद्दल काहीबाही बोलले. बाहेर पडताना बऱ्याच जणींनी लारूचा हात दाबला, पण हात दाबणं एप्रिलपासून चालूच होतं, तिने मनावर घेतलं नाही. ब्रदर स्टब्ज तिला गाठायला आले. त्यांचा चेहरा उतरला होता, तिला वाटलं उपासाने. “लारू, जरा बोलायचं होतं,” ते म्हणाले. डेवॉनच्या आधी कुणाशीच बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून ती म्हणाली, “उद्या बोलू या हं, ब्रदर स्टब्ज.”

संध्याकाळी तिने पाव भाजले आणि टोपलीत घालून जेसपांकडे गेली. मुलं चर्चच्या कार्यक्रमाला गेली होती. डेवॉन आणि मार्व्हा उपास सोडायला टेबलाशी बसतच होते. लारूने कोट न काढता सगळं सांगितलं, कपाट, कर्टिस, शाळा, हॉस्पिटलं. “तेव्हा तू विक, डेवॉन,” ती म्हणाली. “उद्या बाजार उघडला की लगेच. मग मी विकते.”

डेवॉनने तोंड पुसलं. “लारू, तू पेपर वाचला नाहीस?”

“एप्रिलपासून नाही.”

“शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर कंपनीने जाहीर केलं. विक्री निम्म्यावर आलीय. उद्या शेअर उघडतील तेच निम्म्याने. कदाचित खालीच.”

“शुक्रवारी सकाळी विकणार होते मी,” लारू म्हणाली. “म्हटलं, आधी तुला सांगावं. तुझं सगळं त्यातच आहे ना.”

डेवॉन ताटलीकडे बघत राहिला.

“नाहीये,” मार्व्हा म्हणाली.

“मार्व्हा.”

“काय मार्व्हा? ती उपाशीपोटी तुला सांगायला आलीय.” मार्व्हा लारूकडे वळली. “आमच्याकडे एकही शेअर नाही. गोल्डनला पोचवून आलो त्या आठवड्यापासून विकायला लागलो होतो. सप्टेंबरात संपले.”

लारू खुर्चीवर बसली. डेवॉन ऑक्टोबरात तिच्या घरी बसून कोको प्यायला होता, हे तिला आठवलं. राग यायला हवा होता. ती वाट बघत बसली, पण आला नाही.

“मला दिसत होतं गं,” डेवॉन हळू आवाजात म्हणाला. “मी गिऱ्हाइकांकडे जातो, मला नाही दिसणार? पण आमचे शेअर थोडे थोडेच विकता यायचे, कंपनीचे नियम आहेत. आणि तू विकले असतेस तर… गोल्डनच्या बायकोलाच भरवसा नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी अख्ख्या वॉर्डाने विकायला काढले असते. बिशपांनी तुझं नाव घेतल्यावर तर लोक तुझ्याकडेच बघून धरून बसले होते. आम्हाला थोडे महिने हवे होते, बस. मग सांगणार होतो तुला. जानेवारीची नवी हाइव कदाचित चाललीही असती.”

“बिशपांनी विकले?”

डेवॉनने काटा उचलून ताटलीच्या कडेला नीट लावला.

“तू विकलेस ते घेतले कुणी?” लारूने विचारलं.

“असं कुणी एक नसतं. बाजार घेतो.”

“बाजार म्हणजे कोण, डेवॉन?”

“ब्रदर स्टब्जनी जुलैत घेतले,” मार्व्हा म्हणाली. “शेडचे पैसे आले तेव्हा. यानेच सांगितलं नाही त्यांना, घेऊ नका म्हणून.”

डेवॉनने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. तो रडत असावा. लारूने त्याच्याकडे पाहिलं. पूर्वीची लारू असती तर उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. ही लारू पावाची टोपली टेबलावर ठेवून घरी आली.

सोमवारी न्यूयॉर्कचा बाजार उघडतो तेव्हा खोऱ्यात जेमतेम उजाडलेलं असतं. त्याच्या आधी लारूने ब्रदर स्टब्जना फोन केला. ते जागेच होते.

“ब्रदर स्टब्ज, तुमचे शेअर आज विका.”

“निम्म्याने?”

“निम्म्याने. नंतर तेवढेही यायचे नाहीत. आमच्या ऑफिसातली हाइव मी माझ्या हाताने बंद केली. आता कुठेच उरली नाही ती.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “तू विकतेस?”

“हो.”

“मी तुझ्याकडे बघून घेतले होते गं,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा ओशाळल्यासारखं बोलले. “मला सर्व्हरमधलं काय कळतंय? म्हटलं, गोल्डनची बायको धरून बसलीय, तिला आतलं काही ठाऊक असेल. एवढी श्रद्धा काय उगाच असते?”

“श्रद्धा नव्हती हो ती,” लारू म्हणाली. “गोल्डन गेल्यापासून मला काही वाटतच नाही. भीती नाही, काळजी नाही, काही नाही. उठून फोन करावा, विकावं, एवढंसुद्धा इतके महिने वाटलं नाही. म्हणून राहिले शेअर. बिशप त्याला श्रद्धा म्हणाले आणि मी बाकावर गप्प बसले. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं.”

पलीकडे ब्रदर स्टब्ज ब्रोकरचा नंबर शोधत वहीची पानं उलटू लागले.

“आता आधी कोण करतं फोन?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही. मी विकतेय हे लोकांना कळायच्या आत करा. भाव आणखी पडेल.”

“आणि तुझं घर?”

“घर जाईल,” ती म्हणाली. “तुम्ही ठेवा आता फोन.”

त्यांनी ठेवला. बाजार उघडायच्या वेळेला लारूने ब्रोकरचा नंबर फिरवला. लाइन एंगेज होती; दोघांचा ब्रोकर एकच, म्हणजे म्हातारा बोलत होता. तिने पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. तिला बरं वाटलं. काहीतरी वाटलं हे तिच्या लक्षात आलं आणि ती रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला, म्हाताऱ्याचं काम पुरं होईपर्यंत थांबायचं ठरवलं आणि भांडी घासायला घेतली.